केशिमबाई आणि अडकलेला काटा

नाजू शहराकडच्या नाशपातीच्या बागा संपून डोंगराची चढण लागते, तिथे आमचं तालुक्याचं गाव आहे. त्याच्या बाजारपेठेत, बियाण्यांचं दुकान आणि न्हाव्याचं दुकान यांच्या मधे, बांग केशिमचं बंदुकांचं दुकान. परगावचा माणूस आत शिरताना जरा छाती पुढे काढून शिरतो आणि हिरमुसला होऊन बाहेर येतो, कारण तिथे बंदूकच नसते. गावातल्या सगळ्या छऱ्याच्या बंदुका पोलीस चौकीच्या लोखंडी कपाटात. सकाळी सही करून न्यायच्या, अंधार पडायच्या आत परत आणून द्यायच्या. केशिमच्या दुकानात असतात ते छऱ्यांचे डबे, रबराच्या रिंगा, लोकरीच्या टोप्या, आणि मागच्या खोलीत कॉम्प्रेसर नि हवेची मोठी टाकी. लोक तिच्याकडे येतात ते हवा भरून घ्यायला.

ही हवा म्हणजे सायकलच्या चाकातली नव्हे. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट दाबाने ती बंदुकीच्या नळीखालच्या पोलादी नळकांड्यात कोंबायची असते. बंदुकीवर रुपयाएवढा एक मीटर असतो. त्याचा काटा दोनशेवर आला की थांबायचं. एवढ्यात तीस-चाळीस छरे सुटतात, मग पुन्हा केशिमच्या दारात.

केशिम बासष्ट वर्षांची. बुटकी, गालांवर थंडीने आलेली लाली कायमची, आणि आवाज असा की पलीकडचा न्हावी तिच्या बोलण्याला परस्पर उत्तरं देतो. पाठीमागे सगळे तिला काटामावशी म्हणतात. जगातल्या कुठल्याच काट्यावर तिचा विश्वास नाही. बाजारात मासे घेताना ती आधी तराजू रिकामा बघते. पेट्रोल पंपावर तिची गाडी दिसली की पोऱ्या कपाळाला हात लावतो.

त्यालाही कारण आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिचा नवरा एका शिकाऱ्याची बंदूक भरत होता आणि हवेची नळी फुटून सुटली. ती जी सळसळत उठली ती नवऱ्याचे पुढचे तीन दात घेऊनच खाली पडली. सहा महिने तो माणूस पेज पीत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "काटा तर एकशे ऐंशीवरच होता हो!" केशिम पेज ढवळता ढवळता ते ऐकायची. सहा महिन्यांनी तिने नवऱ्याला सांगितलं, की हवा उद्यापासून मी भरणार, तुम्ही छरे विका. नवरा समजूतदार होता, आणि दातांवाचून वाद घालणं त्याला जडही जात होतं. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. यकृत गेलं बिचाऱ्याचं, हवेने काही केलं नाही.

केशिमकडे बंदूक भरायची म्हणजे दहा-बारा मिनिटांची निश्चिंती. बंदुकीवरच्या मीटरकडे ती बघते, पण सासूने सुनेकडे बघावं तसं. खरा हिशेब तिच्या नळीवर बसवलेल्या मोठ्या मीटरचा. दोन्ही काटे जुळले तर ठीक, नाही तर बंदूक बाजूला. मग टाकीची चावी केसभर उघडायची. घाईने भरली तर नळकांडं तापतं, तापलं की दाब वाढतो, काटा फुगून वर दिसतो, आणि थंड झाल्यावर उतरतो. म्हणून ती भरता भरता उलट्या हाताने नळकांडं चाचपत असते, लेकराचा ताप बघावा तसं.

"मावशी, तोवर पक्षी अंडी घालून, पिल्लं काढून उडून जातील," असं कोणी म्हणालं की तिचं उत्तर ठरलेलं. "उडू देत. तू उडून जाऊ नयेस म्हणून चाललंय."

दुकानात तिच्या जोडीला धाकटा दीर असतो, प्यो जोंगशिक. एस.टी.सारखी आमची गावगाडी पस्तीस वर्षं चालवून निवृत्त झालेला. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याला नाही म्हणता येत नाही. गाडी चालवत होता तेव्हाही हात दाखवील त्याच्यासाठी थांबायचा, मग ती जागा थांब्याची असो वा नसो. दुकानात तो टोप्या विकतो, चहा करतो, आणि केशिमची बोलणी खातो. हवेच्या खोलीत त्याने पाऊल टाकायचं नाही, असा दंडक आहे.

तर ही गोष्ट फेब्रुवारीतली. त्या दिवसांत काची पक्षी विजेच्या खांबांवर घरटी बांधतात. कावळ्याच्या कुळातला हा काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी. घरट्यात काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही आणून घालतो आणि मग अर्ध्या तालुक्याची वीज जाते. आमचे लोकही अजब. पानगळीच्या दिवसांत झाडाच्या शेंड्यावरची चार फळं न तोडता ह्याच काचींसाठी ठेवतील, आणि फेब्रुवारीत त्यांच्याच मागे बंदुका घेऊन धावतील. वीज कंपनी परवानावाल्या बंदुकवाल्यांना नेमून देते, हे खांब तुझे, ते खांब त्याचे.

त्या आठवड्यात केशिमने आपला मोठा मीटर नळीवरून काढून ग्वांगजूला तपासायला पाठवला होता. दरसाल पाठवते. तो येईपर्यंत हवा बंद. दारावर पाटी लावली होती, 'शुक्रवारपर्यंत हवा मिळणार नाही.' आणि बुधवारी सकाळी ती सरकारी आरोग्य तपासणीला गेली. रात्रीपासून उपाशी. तिथे नर्सने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि भुवया वर केल्या.

"जास्त आहे हो आजी. ताण घेत जाऊ नका."

"आजी कोणाला म्हणतेस? आणि हा तुमचा काटा शेवटचा कधी तपासलाय?"

नर्सने मुकाट्याने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. तिथेही जास्तच निघाला.

साडेअकराच्या सुमारास केशिम दुकानात परतली. जोंगशिक शेगडीवर भाजलेलं रताळं सोलत बसला होता आणि त्याचा चेहरा फारच प्रसन्न होता. ते बघूनच तिला शंका आली.

"कोण आलं होतं?"

"आपला मो गितेक. धरणाकडच्या रस्त्यावरचे खांब त्याच्याकडे आलेत ना. तुमचं फार कौतुक करत होता, वहिनी."

"माझं? कशापायी?"

"म्हणाला, मावशींची हवा म्हणजे हवा. काल पाऊणशे छरे मारले, तरी आज सकाळी काटा एकशे सत्तरवर."

केशिमने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. पाऊणशे छऱ्यांनंतर कुठलीच बंदूक एकशे सत्तरवर राहत नाही. साठ-सत्तरवर येते, आणि छरा गळून पडल्यासारखा पडतो.

"मग तो कशाला आला होता?"

जोंगशिकने रताळ्याकडे बघितलं. "तेच सांगत होतो. म्हणाला, काटा एकशे सत्तरवर आहे पण छरा जात नाही, थंडीने दम गेलाय, तेवढी वरची तीस भरून दे. मी पाटी दाखवली. तर म्हणाला, वीज कंपनीचा माणूस दुपारी खांब मोजायला येणार, माझी अब्रू जाईल. मग मी म्हटलं, तीसच तर आहे."

"मीटरवाचून भरलीस?"

"त्याच्या बंदुकीवर मीटर होता ना! त्याच्याकडे बघूनच भरली. डोळ्यांत तेल घालून बघितलं, तुमची शपथ."

"किती वेळ हवा जात होती?"

"जात होती... बराच वेळ. काटा हलायलाच तयार नव्हता. शेवटी जरासा सरकला, एकशे नव्वदवर आला, आणि हवा जायची आपोआपच बंद झाली. मी म्हटलं, टाकी संपत आली असेल."

केशिम मागच्या खोलीत गेली. टाकीच्या मानेवर तिचा स्वतःचा मीटर असतो. टाकी सकाळी तीनशेवर होती. आता दोनशे नव्वद. टाकी संपली नव्हती. टाकीत आणि बंदुकीत दाब सारखा झाला होता, म्हणून हवा जायची थांबली होती. म्हणजे दोनशेची बंदूक दोनशे नव्वदवर भरून गितेक घेऊन गेला होता, आणि त्याचा काटा त्याला एकशे नव्वद दाखवत होता.

तिने नळीचं टोक उचललं. बोटाला चिकट लागलं. नाकाशी नेलं, तर रानतिळाचं तेल. खमंग, आत्ता घाण्यातून काढल्यासारखं.

आमच्याकडे रानतिळाचं तेल कशाला लावत नाहीत ते विचारा. भाजीत घालतात, जमिनीच्या लाकडी फळ्यांना लावतात, बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तर हमखास. वाळलं की कडक, चकचकीत पापुद्रा होतो, लाकूड नव्यासारखं दिसतं. गितेकने दस्त्याला लावता लावता हवा भरायच्या तोंडालाही थेंब दिला असणार, सैल व्हावं म्हणून. तो थेंब हवेबरोबर आत गेला आणि मीटरच्या सुईएवढ्या भोकात जाऊन वाळला. काटा तिथेच चिकटला. शिवाय इतक्या दाबाच्या हवेत तेल आपोआप पेटूही शकतं. सकाळी इथे, ह्या खोलीत, तिच्या दिराच्या तोंडासमोर ते पेटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने नळीचं टोक हळूच खाली ठेवलं.

"जोंगशिक, गाडी काढ."

"काय झालं?"

"काढ म्हणते ना. वाटेत सांगते."

निघण्याआधी तिने गितेकला दोनदा फोन लावला. वाजत राहिला. गितेकचा फोन गाडीतच पडलेला असतो हे गावाला माहीत आहे. चौकीत फोन केला, तर हवालदार मिन म्हणाले, सकाळी साडेसातला सही करून बंदूक नेलीय, परत आलेली नाही.

"मिनसाहेब, ती बंदूक धोक्याची झालीय. चूक माझ्या दुकानाची आहे. तो तिकडे आला तर बंदुकीला हात लावू नका, लांब मोकळ्यावर ठेवायला सांगा आणि मला कळवा."

"मावशी, किती धोक्याची?"

"तुम्हाला दोन मुलं आहेत ना? तेवढी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

वाटेत तिने जोंगशिकला सगळं सांगितलं. पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण वळणावर त्याने चुकीचा गिअर टाकला.

"पण वहिनी, नळकांडं पोलादाचं असतं की."

"पोलादाचं असतं. कारखान्याने एकदा तीनशेपर्यंत ताणून बघितलेलं असतं, तेही नवं होतं तेव्हा. गितेकची बंदूक त्याच्या धाकट्या मेव्हण्यापेक्षा जुनी आहे."

"फुटेल?"

"थंडीत पडून राहिली तर नाही फुटणार. गरम झाली तर मला माहीत नाही. गितेक काय म्हणून गेला? नीट आठव."

जोंगशिकने आठवून बघितलं. "म्हणाला, आधी घरी जातो, जेवतो, आईला औषध देतो, मग धरणाकडे. आणि म्हणाला..." तो थांबला.

"बोल ना!"

"म्हणाला, थंडीने बंदूक आखडलीय, जरा शेकून घेतो."

केशिमने डोळे मिटले. आमच्या घरांची जमीन खालून तापवलेली असते, आणि चुलीकडच्या बाजूची जागा सगळ्यात ऊबदार. तिथे दुलई अंथरलेली असते. पूर्वी यायला उशीर झालेल्या माणसाच्या भाताची वाटी त्याच दुलईखाली ठेवत, दोन-दोन तास गरम राहायची. आजारी माणूस तिथे, बाळंतीण तिथे, म्हातारं माणूस तिथे. गितेकची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि हिवाळाभर त्या जागेवरून उठत नाही.

"जोरात चालव," केशिम म्हणाली. अजून सहा किलोमीटर होते. गावगाडीच्या पस्तीस वर्षांत जोंगशिकने कधी मोडला नव्हता तो नियम त्याने त्या दिवशी मोडला, आणि लाल दिवा ओलांडला.

मो गितेक ओट्यावर बसून भात खात होता. समोर मोड आलेल्या सोयाबीनचं सूप, किमची. पन्नाशी उलटलेला, गोल चेहऱ्याचा, अंगात वीज कंपनीने दिलेलं पिवळं जाकीट. ह्या दोघांना अंगणात धावत येताना बघून तो चमच्यासकट उभा राहिला.

"मावशी! या, जेवायला या. बरं झालं आलात. ती बंदूक आता मुळीच उडत नाही हो. तुमच्याकडून येताना वाटेत चार काची दिसले, मारायला गेलो, तर नुसतं फुस्स. छरा नळीतच राहिला. काची खांबावर बसून मला हसतायत."

उडणार कशी? दाब इतका झाला होता की आतला व्हॉल्व्ह घोड्याच्या ठोक्याने उघडतच नव्हता. पण हे समजावत बसायची ती वेळ नव्हती.

"बंदूक कुठंय?"

"आत. शेकायला ठेवलीय."

"आणि आजी?"

"आईजवळच ठेवलीय ना. ती..."

केशिमने चपला काढल्या नाहीत. आमच्याकडे असं कोणी केलं तर घर पेटलंय असंच समजायचं, आणि गितेकच्या हातातला चमचा खाली पडला. तिने दार सरकवलं. खोलीत ऊबदार, झोपेचा, रानतिळाच्या तेलाचा वास. फुलाफुलांच्या जाड दुलईखाली म्हातारी कुशीवर निजली होती. दुलईच्या एका टोकातून तिचे पांढरे केस दिसत होते आणि दुसऱ्या टोकातून बंदुकीचा दस्ता.

केशिमने हळू आवाजात, अगदी वाण्याकडे सामान सांगावं तसं सांगितलं, "गितेक, बाहेर अंगणाच्या टोकाला जा. मुळ्याच्या खड्ड्यावरचं गवत काढ. जोंगशिक, आजीला पाठीवर घे."

म्हातारीला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. जोंगशिकने तिला हलवलं तेव्हा तिने एक डोळा उघडला.

"कोण तू?"

"मी जोंगशिक, आजी! गाडीवाला! पाठीवर बसा!"

"मला कुठे जायचं नाही. बाहेर गार आहे."

"आजी, चला ना हो!"

"तिकीट नाही माझ्याकडे."

एरवी केशिम हसली असती. तिने म्हातारीचे हात धरले, ते जोंगशिकच्या खांद्यांवरून पुढे घेतले, आणि जोंगशिक त्या चिमूटभर देहाला पाठीवर घेऊन असा उठला जसा तो जन्मात कधी उठला नव्हता. दार, ओटा, अंगण, फाटक, रस्ता. तो थांबला तो थेट शेजाऱ्याच्या कोठाराच्या मागे. म्हातारी वाटभर ओरडत होती, की माझी दुलई, माझी दुलई.

खोलीत केशिम एकटी राहिली. दुलईखाली तिने हात घातला आणि उलट्या हाताने नळकांडं चाचपलं. चांगलंच तापलं होतं. दोनशे नव्वदची हवा आता सव्वातीनशेच्या घरात असणार. जमीन थंड व्हायला संध्याकाळ लागली असती, म्हणजे तिथे ठेवून पळण्यात अर्थ नव्हता. तिला फार भीती वाटली. मला ती नंतर म्हणाली, त्या वेळी नवऱ्याची आठवण नाही आली, मुलीची नाही आली, फक्त सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे आठवलं आणि वाईट वाटलं.

तिने बंदूक दुलईसकट उचलली. छरा नळीत होता, म्हणून तोंड जमिनीकडे. पावलं लहान. ओट्याच्या पायऱ्या दोन, त्या तिने एकेक करून, पाय चाचपत उतरल्या. गितेक खड्ड्याच्या कडेला उभा होता.

"मावशी, तिकडून नका, सोयासॉसचे रांजण आहेत!"

"तुझे रांजण राहतील. तू हो लांब!"

आमच्याकडे हिवाळ्यात मुळे जमिनीत पुरून ठेवतात, छातीएवढ्या खोल खड्ड्यात, वरून गवत. आत गारठा असतो आणि चारी बाजूंना मातीच माती. केशिम गुडघ्यांवर बसली, पोटावर आडवी झाली, आणि मुळ्यांच्या राशीवर बंदूक अलगद ठेवून दुलई ओढून घेतली. मग ती उठली आणि मागे न बघता चालत कोठारापर्यंत गेली. पळाली नाही.

एक तास सगळे कोठारामागे बसले. शेजारणीने जवाचा गरम चहा आणून दिला. गितेकला सगळं समजावून झालं होतं आणि तो जमिनीकडे बघत होता. दर पाच मिनिटांनी तो एवढंच म्हणायचा, "पण मावशी, काटा तर..." आणि केशिमने बघितलं की गप्प व्हायचा.

तासाने ती एकटी खड्ड्यापाशी गेली. उलटा हात लावून बघितलं, तर पोलाद मुळ्यासारखं गार झालं होतं. गितेकच्या बंदुकीला मीटरच्या बाजूला हवा सोडायचा एक बारीक स्क्रू आहे. तिने खिशातून ॲलन की काढली, चेहरा बाजूला घेतला आणि स्क्रू पाव आटा फिरवला. सूं असा आवाज सुरू झाला. थांबली. परत थोडा. तो आवाज आधी शिट्टीसारखा बारीक होता, मग जाड झाला, मग म्हातारा माणूस झोपेत श्वास सोडतो तसा. नऊ-दहा मिनिटं गेली. शेवटी काहीच ऐकू येईना. तिने स्क्रू पुरता काढला, सळई घालून नळीतला छरा बाहेर पाडला, आणि बंदूक घेऊन अंगणात आली.

"ये आता. बघ."

गितेक आला. बंदुकीत टाचणीएवढीही हवा नव्हती, आणि मीटरचा काटा एकशे नव्वदवर होता. केशिमने नखाने काचेवर टिचकी मारली. एकशे नव्वद.

"म्हणजे मी इतके दिवस..."

"इतके दिवस तू चित्र बघत होतास."

गितेक मटकन खाली बसला. जोंगशिक म्हातारीला पाठीवर घेऊन फाटकातून आला, त्याने तो काटा बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. "वहिनी, मी उद्यापासून दुकानात येत नाही."

"उद्या साडेआठला यायचं. टाकीच्या चावीला कुलूप न लावता मी गेले, ती माझी चूक. पाटी असून भरलीस, ती तुझी. कुलूप मी लावीन. तू दिवसभर आरशासमोर उभं राहून 'नाही' म्हणायचं." आणि एवढं बोलून झाल्यावर केशिमचा जीव भांड्यात पडला. ती ओट्यावर बसली, चपला आता कुठे काढल्या आणि हसायला लागली. जोंगशिकही हसला. डोळ्यांतलं पाणी गालांवर, आणि पाठीवरची म्हातारी त्याच्या डोक्यावर चापट मारत होती, उतरव म्हणून.

चौकीत फोन झाला. हवालदार मिन म्हणाले, बंदूक घेऊन या, मीटर काढून वेगळा आणा, आणि मावशी, तुम्ही आधी जेवून घ्या. गितेकने भात वाढला. केशिमने सूप ओतून दोन वाट्या भात खाल्ला. म्हातारी आपल्या जागेवर जाऊन बसली, जमीन हाताने चाचपली, दुलई झटकली, आणि दुलईला मुळ्याची माती लागलेली बघून कुरकुरली. मग लेकाकडे वळून तिने विचारलं, "ती तुझी बंदूक झाली का रे गरम? तू म्हणालास ना, जप हिला. म्हणून मी पोटाशी धरून निजले होते. मधेच ह्यांनी काढून नेली."

गितेकचा हात वाटीवरच थांबला. तो आईजवळ गेला, तिच्या मांडीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. म्हातारीला काही कळेना. मग त्याने डोकं वर केलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आई, माझं असलं काही पुन्हा ऐकत जाऊ नकोस!"

"मग कुणाचं ऐकू?" म्हातारी म्हणाली. "मला ऐकूच तुझं एकट्याचं येतं."

केशिमने वाटी खाली ठेवली आणि तोंड फिरवून पदराने नाही, कोटाच्या बाहीने डोळे पुसले. गितेक आईचे पाय दुलईत नीट गुंडाळत होता.